चिंतेचें दुखणें व त्यावरील उपचार

(उपदेशक, बायबलबाया व मंडळींतील वडील यांसाठीं धडा)

शास्त्रपाठ : १ राजे १९:१–१८, २ करिंथ ७:५–७, फिलिप्पै ४:४–९.

ह्या धड्याचा विषय असा आहे कीं, त्याविषयीं आपल्या मंडळ्यांत कुजबूज पुष्कळ होते, पण उघड बोलणें थोडें होतें. आपल्यामध्यें कित्येक भाऊ व बहिणी अशा आहेत कीं, त्यांस ताप नाहीं, खोकला नाहीं, तरी त्यांची छाती धडधडते, हातपाय गार पडतात, झोंप येत नाहीं, आणि आतां कांहीं तरी भयंकर होणार असें त्यांस सतत वाटत राहतें. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा आहे. घरचे म्हणतात, ढोंग आहे. आणि आपण उपदेशक काय म्हणतों? आपण पुष्कळदां म्हणतों, विश्वास कमी आहे. हें शेवटलें वाक्य मीं स्वतः उच्चारलें आहे. त्याचें फळ काय झालें तें डोळ्यांनीं पाहिलें, म्हणून हा धडा लिहावयास बसलों आहें.

१. एका बहिणीची हकीकत

माझ्या मंडळींत एक बाई आहे. तिच्या परवानगीनें, नांव व गांव न देतां, ही हकीकत सांगतों. ती शेतकऱ्याची बायको, तीन लेकरांची आई, कष्टाळू व प्रार्थनाशील. एके दिवशीं बाजाराहून एस. टी.नें परत येत असतां, गाडींत फार गर्दी होती, तेव्हां तिची छाती एकाएकीं धडधडूं लागली, श्वास कोंडला, बोटांना मुंग्या आल्या, आणि आपण आतां मरणार असें तिला वाटलें. लोकांनीं तिला खालीं उतरविलें, पाणी पाजलें, व अर्ध्या तासांत ती सावरली. तालुक्याच्या दवाखान्यांत तिचें रक्त व हृदय तपासलें. कांहीं दोष निघाला नाहीं. पण त्या दिवसापासून तिनें एस. टी. सोडली. पुढें बाजार सोडला, मग विहिरीवर जाणें सोडलें, आणि शेवटीं उपासनेस येणेंहि सोडलें. पांच महिन्यांत तिचें जग घराच्या उंबरठ्याशीं येऊन थांबलें.

माहेरच्या माणसांनीं तिला देवऋषीकडे नेण्याची गोष्ट काढली. जुनें दैवत सोडल्याचा हा कोप आहे, असें त्यांचें म्हणणें. हें ऐकून मी घाईनें तिच्या घरीं गेलों. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांतील चिंतेविषयींचें वचन तिला वाचून दाखविलें, आणि म्हणालों, “बाई, तुम्ही प्रार्थनेंत कमी पडतां, म्हणून हें होतें.” ती कांहीं बोलली नाहीं. पुढें मला कळलें कीं, त्या रात्रीं तिचा डोळ्याला डोळा लागला नाहीं. तोंवर तिला मरणाचें भय होतें. आतां देवानें आपणांस टाकलें असें भयहि लागलें. एका ओझ्यावर मीं दुसरें ओझें ठेविलें होतें.

मग मला वाईट वाटलें, आणि मीं दुसरी चूक केली. ही चूक दिसण्यांत दयेची होती. बुधवारची प्रार्थनासभा आम्हीं तिच्या घरीं भरविली. प्रभुभोजन तिच्या घरीं नेलें. शेजारणींनीं तिचा बाजार आणला, तरुणांनीं तिचें पाणी भरलें. तिला कोठें जावेंच लागूं नये, अशी सर्व व्यवस्था झाली. आणि तिचें दुखणें आणखी वाढलें. असें कां झालें, हें समजणें ह्या धड्याचें मुख्य अंग आहे.

२. भय शरीरांत काय करितें

देवानें आपल्या देहांत भय ठेविलें आहे, तें आपल्या रक्षणासाठीं. वाटेंत साप दिसला कीं, विचार करण्यापूर्वींच हृदय जोरानें चालूं लागतें, श्वास वाढतो, हातापायांच्या स्नायूंना अधिक रक्त मिळतें, व मनुष्य उडी मारून बाजूला होतो. हें चांगलें आहे. परंतु कधीं कधीं साप नसतांहि शरीर हीच तयारी करितें. श्वास गरजेपेक्षां जलद झाला म्हणजे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळते. मग मनुष्य आपल्याच छातीकडे पाहतो व म्हणतो, “हृदय बंद पडणार.” ह्या विचारानें भय वाढतें, भयानें धडधड वाढते, व धडधडीनें तो विचार अधिक खरा वाटूं लागतो. हें चक्र इंग्लंडांतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनीं १९८६ सालीं स्पष्ट करून मांडिलें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, हें ढोंग नव्हे; धडधड खरी असते, श्वास खरोखर कोंडल्यासारखा होतो. दुसरी, ही भयाची लाट कितीहि मोठी असली, तरी ती चढते तशी कांहीं वेळानें आपोआप उतरतेहि. परंतु जो मनुष्य ती चढतांच पळून जातो, त्याला ती उतरते हें कधीं कळतच नाहीं.

३. पळाल्यानें भय वाढतें

शेतकरी बांधवांस हें सांगावयास नको. नवा गोऱ्हा पुलाला बुजला, म्हणजे काय करितां? त्याला तेथूनच घरीं फिरविलें, तर दुसऱ्या दिवशीं तो पूल दिसण्यापूर्वींच बुजतो. कारण पुलापासून पळालों म्हणून वांचलों, एवढेंच तो शिकला. त्याला मारून ओढलें, तर तो दावें तोडतो, व पुढें धन्यालाहि भितो. म्हणून शहाणा शेतकरी त्याला शांत बैलाच्या जोडीला बांधितो, पुलाजवळ नेतो, उभा करितो, तो निवूं देतो. उद्यां आणखी चार पावलें नेतो. एके दिवशीं गोऱ्हा पूल ओलांडतो.

आतां वरील हकीकत पुन्हां पाहा. प्रथम मीं त्या बाईला वचनानें ओढूं पाहिलें. मग आम्हीं सर्वांनीं मिळून तिला रोज पुलापासून घरीं फिरविलें. दोन्ही वाटांनीं भय वाढलें. तिसरी वाट आम्हांस ठाऊक नव्हती.

४. ही तिसरी वाट कशी सांपडली

अमेरिकेंतील मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें १९२४ सालीं पीटर नांवाच्या एका लहान मुलाविषयीं लिहिलें. तें मूल तीन वर्षांचेंहि नव्हतें, व सशाला फार भीत असे. तिनें त्याला आवडीचा खाऊ देतां देतां पिंजऱ्यांतील ससा प्रथम दूर ठेविला, मग हळूहळू जवळ आणला. जीं मुलें सशाला भीत नव्हतीं, तींहि त्याच्याबरोबर खेळत. शेवटीं पीटर सशाला हात लावून खेळूं लागला.

दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेले वैद्य जोसेफ वोल्पे यांनीं १९५८ सालीं आपल्या ग्रंथांत हीच रीत मोठ्या माणसांसाठीं नीट बसविली. रोग्यानें आपल्या भयाची शिडी करावी, सर्वांत लहान भय खालच्या पायरीवर व सर्वांत मोठें वरच्या पायरीवर. आणि अंग सैल सोडावयास शिकून एकेक पायरी चढावी. त्यांनीं हें प्रथम बहुतेक कल्पनेंत करविलें. पुढें असें दिसून आलें कीं, प्रत्यक्ष त्या त्या जागीं जाण्यानें पुष्कळांस अधिक गुण येतो.

फिलाडेल्फिया शहरांतील आरन बेक (१९२१–२०२१) यांनीं १९६० नंतरच्या दशकांत दुसरी गोष्ट दाखविली. दुखण्यांत मनुष्याच्या मनांत कांहीं विचार इतक्या झटकन येतात कीं, ते विचार आहेत हेंच त्याला उमगत नाहीं. तो त्यांस सत्य समजतो. ते विचार कागदावर लिहावे, व त्यांस साक्षीदार विचारावे, असें त्यांनीं शिकविलें. प्रथम हें खिन्नतेच्या रोग्यांसाठीं होतें, पुढें चिंतेच्या रोग्यांसाठींहि झालें. विचार तपासणें व कृतीनें शिकणें, ह्या दोहोंच्या मेळानें जो उपचार झाला, तो आज जगभर चिंतेच्या दुखण्यावर प्रथम सुचविल्या जाणाऱ्या उपचारांपैकीं एक आहे. सर्वांस सारखाच गुण येतो असें नाहीं. कित्येकांस त्याबरोबर औषधेंहि घ्यावीं लागतात. तरी पुष्कळांस त्यानें खरा गुण येतो.

५. तो उपचार प्रत्यक्ष कसा झाला

आमच्या बहिणीला तिच्या नवऱ्यानें, भाड्याच्या गाडींत निजवून, जिल्ह्याच्या दवाखान्यांत नेलें. तेथील समुपदेशक बाईनें प्रथम तिचें सर्व ऐकून घेतलें, व देहांत काय होतें तें समजाविलें. मग तिला विचार लिहावयास सांगितले. तिनें लिहिलें, “गाडींत बसलें कीं मी मरेन.” त्याखालीं साक्ष लिहावयाची होती. असें किती वेळां झालें? अकरा वेळां. त्यांत किती वेळां मेलें? एकदांहि नाहीं. लाट किती वेळांत उतरली? सुमारें वीस मिनिटांत. मग खालीं नवें वाक्य आलें : “छाती धडधडेल, मला फार वाईट वाटेल, पण तें उतरेल.” हें वाक्य गोड नाहीं; पण तें खरें आहे, आणि खऱ्यावरच पाय टेकतो.

मग शिडी झाली. पहिली पायरी, दाराबाहेर ओट्यावर बसणें. दुसरी, विहिरीपर्यंत जाणें. तिसरी, उपासनेच्या वेळीं दाराजवळच्या शेवटल्या चटईवर बसणें. चवथी, फाट्यावर उभें राहून एस. टी. जातांना पाहणें. पांचवी, गाडींत चढून पुढच्या थांब्यावर उतरणें. सहावी, बाजारापर्यंत जाणें. नियम एवढाच होता कीं, भय आलें म्हणून पायरी सोडावयाची नाहीं. तें ओसरूं लागेपर्यंत तेथेंच राहावयाचें, आणि तीच पायरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां करावयाची. प्रथम कोणी बरोबर असे, पुढें ती एकटी जाई. अशीं आठ महिन्यांचीं भयें चार महिन्यांत मागें हटलीं.

सर्वांचें दुखणें एकाच प्रकारचें नसतें. कोणाला पावसाची, कर्जाची, मुलीच्या लग्नाची काळजी रात्रंदिवस कुरतडते. अशा मनुष्यास प्रथम विचारावें, “ह्या काळजीवर आज करण्यासारखें कांहीं काम आहे काय?” असेल, तर त्याचे लहान भाग करून पहिला भाग आजच करावा. नसेल, तर तिच्यासाठीं दिवसांतील ठराविक पाव तास नेमावा, आणि इतर वेळीं ती आली म्हणजे, “तुझी वेळ संध्याकाळीं,” असें म्हणून हातांतील कामाकडे वळावें. प्रत्येक दिवसाला त्या दिवसाचें दुःख पुरे, असें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत शिकविलें. तें कसें पाळावें, ह्याची ही एक साधी रीत आहे.

६. वचन हा गंडा नव्हे

येथें आपल्यासारख्यांनीं विशेष लक्ष द्यावें. ती बहीण ओट्यावर बसावयास लागली, तेव्हां हातांत पाण्याची बाटली व छातीशीं नवा करार धरून बसे. समुपदेशक बाईनें तिला सौम्यपणें विचारलें, “हें पुस्तक हातांत नसतें, तर काय झालें असतें?” ती म्हणाली, “मी मेलें असतें.” ही गोष्ट ऐकून मी चपापलों. आपण देवऋषीचा गंडा तोडला, आणि त्याच जागीं पवित्र पुस्तक बांधिलें कीं काय? वाचण्यासाठीं पुस्तक न्यावें. भय अडविण्यासाठीं नेऊं नये. कारण लाट उतरली तरी श्रेय गंड्याला जातें, आणि भय जसेंच्या तसें राहतें. दीर्घ श्वासाचेंहि असेंच. सावकाश श्वास सोडल्यानें अंग निवतें, हें खरें. पण “श्वास मोजला नाहीं तर मरेन,” असें झालें म्हणजे तोहि गंडाच. प्रार्थनेविषयींहि हेंच समजा. भयापासून पळण्यासाठीं नव्हे, तर भय असतांना पाऊल टाकण्यासाठीं प्रार्थना करावी.

७. शास्त्र काय दाखवितें

एलीयाला हाच रोग होता, असें मी म्हणत नाहीं. पण भ्यालेल्या सेवकाशीं देव कसा वागला, तें पाहा. ईजबेलीच्या धमकीनें तो जीव घेऊन पळाला. चाकराला बैरशेबा येथें सोडून एकटाच रानांत गेला, व रतामाच्या झुडपाखालीं मरण मागूं लागला. देवानें त्याला प्रथम रागें भरलें नाहीं. प्रथम झोंप दिली, भाकर दिली, पाणी दिलें, तेंहि दोनदां. मग होरेब डोंगरावर त्याला प्रश्न विचारिला, व त्याचें सर्व गाऱ्हाणें ऐकिलें. तेंच गाऱ्हाणें त्यानें दुसऱ्यांदा सांगितलें, तेंहि ऐकिलें. नंतर त्याला आल्या वाटेनें परत पाठविलें, करण्याजोगीं कामें नेमून दिलीं, आणि अलीशा हा सोबती दिला. ईजबेल तर अजून राज्यांतच होती. भयाचें कारण नाहींसें होण्याची वाट देवानें पाहिली नाहीं. भ्यालेल्याला त्यानें परत चालविलें.

आतां ज्या वचनानें मीं त्या बहिणीला घायाळ केलें, तें पाहूं. पौलानें तें पत्र बंधनांत असतां लिहिलें. फिलिप्पै ४:६ मध्यें चिंतेसाठीं जें ग्रीक क्रियापद आहे, तेंच २:२० मध्यें त्यानें तीमथ्याची स्तुति करितांना वापरलें आहे; कारण तीमथ्य त्या मंडळीची खरी काळजी वाहत असे. करिंथकरांस लिहितांना तर तो उघड सांगतो कीं, मासेदोनियांत आपणांस आंतून भयें होतीं, आणि तीताच्या येण्यानें देवानें आपलें सांत्वन केलें. म्हणजे प्रेषितालाहि भय होतें. तें त्यानें लपविलें नाहीं. आणि देवानें पाठविलेलें सांत्वन एका मनुष्याच्या पायांनीं चालत आलें. ज्याला भय वाटतें तो अविश्वासी, असें मानावयास ह्या शास्त्रपाठांत आधार नाहीं. आणि उपचार घेणें हा अविश्वास असेल, तर एलीयानें ती भाकर खावयास नको होती.

८. उपदेशकांनीं काय करावें

आपण वैद्य नाहीं. तरी आपल्या हातीं कांहींच नाहीं, असेंहि नव्हे. गोव्यांत विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १२ सरकारी व १२ खाजगी दवाखान्यांत चिंता व खिन्नता यांच्या रोग्यांसंबंधीं एक मोठा प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २०१० सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत वैद्यकीचें शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांस समुपदेशनासाठीं तयार केलें होतें. दवाखान्याचे डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशीं होते. सरकारी दवाखान्यांत जेथें असे समुपदेशक होते, तेथें सहा महिन्यांनीं शेंकडा सुमारें ६६ रोगी बरे झालेले आढळले. जेथें नव्हते, तेथें सुमारें ४२. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाहीं. ह्यावरून इतकें खास कळतें कीं, नीट शिकविलेलें व तज्ज्ञांशीं जोडलेलें साधें मनुष्यहि ह्या कामीं उपयोगीं पडतें.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या.

(अ) प्रथम डॉक्टरची तपासणी. छातींत दुखणें, धाप, धडधड हीं हृदयाचीं, रक्त कमी असल्याचीं किंवा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या रोगाचींहि लक्षणें असतात. तीं चिंतेचीं आहेत, असें आपण ठरवूं नये.

(आ) ऐकून घ्यावें. उपदेश मागाहून. रोग्याची गोष्ट मंडळींत सांगूं नये, प्रार्थनेची विनंति म्हणूनहि नाहीं.

(इ) रोग्याचीं सर्व कामें काढून घेऊं नयेत. त्याच्याबरोबर चालावें, त्याच्याऐवजीं चालूं नये. पण आपल्या मनानें शिडी रचून कोणाला ढकलूंहि नये. ती रोगी व त्याचा समुपदेशक यांनीं ठरवावी.

(ई) डॉक्टरनें दिलेलीं औषधें विश्वासाच्या नांवाखालीं बंद करवूं नयेत. दारूनें भय घटकाभर दबतें व दुप्पट होऊन परत येतें, हें स्पष्ट सांगावें.

(उ) कोणी जीव देण्याची भाषा केली, तर त्याला सरळ विचारावें, एकटें सोडूं नये, व त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें.

(ऊ) सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट, मराठींतहि बोलतां येतें. हा क्रमांक उपासनामंदिराच्या दारावर लिहून ठेवावा.

ती बहीण आतां दर आठवड्यास एस. टी.नें बाजारास जाते. गर्दींत तिची छाती अजूनहि कधीं कधीं धडधडते. पण ती खालीं उतरत नाहीं. उपासनेंत दाराजवळची चटई सोडून ती बायकांच्या मध्यें बसते. मीं तिची क्षमा मागितली, तेव्हां ती म्हणाली, “पाळकसाहेब, त्या दिवशीं तुम्ही माझ्यासंगें नुसतें विहिरीपर्यंत आलां असतां, तर बरें झालें असतें.” हें वाक्य मीं आपल्या बायबलांत, १ राजे १९ च्या पानाच्या समासांत, लिहून ठेविलें आहे.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. देवानें एलीयाला प्रश्न विचारण्यापूर्वीं काय दिलें? आपण भेटीस जातों तेव्हां प्रथम काय देतों?

२. आपल्या मंडळींत भयामुळें घरीं बसलेलें कोणी आहे काय? (नांव मोठ्यानें घेऊं नये.) आपल्या दयेनें त्याचें भय वाढत तर नाहीं?

३. आपण वचन, प्रार्थना किंवा क्रूस यांस गंड्यासारखें केव्हां वापरतों?

४. आपल्या गांवापासून मानसोपचाराची सोय असलेलें जवळचें सरकारी रुग्णालय कोणतें, व तेथें कोणत्या वारीं डॉक्टर येतात? पुढील शब्बाथापूर्वीं हें विचारून यावें.

प्रार्थनेचा विषय : जे भितात, ते चालूं शकावे, व त्यांच्याबरोबर चालणारे आपण असावें.